हँडब्रेकचा दांडाच नाही? इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असा वापरा

ठाणाकुशनूर : दिवाळीला, लग्नसराईला पुण्या-हैदराबादची पोरं नवी गाडी घेऊन गावी येतात. गाडी दारात लावून ती झोपतात आणि मागून ट्रॅक्टर आला की ‘जरा गाडी सरकवा’ म्हणत किल्ली काकांच्या हातात जाते. काका हँडब्रेकचा दांडा शोधतात, तिथं असतो फक्त एक छोटा खटका. गाडी केए 38 असो की एमएच 24, हा खटका समजून घेतलेला बरा.

हा ब्रेक म्हणजे काय?
जुन्या हँडब्रेकमध्ये दांडा ओढला की तार ताणली जाते आणि मागची चाकं धरली जातात. इथं तेच काम मागच्या चाकांजवळच्या छोट्या मोटारी करतात. क्रेटा, एक्सयूव्ही 700 अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत हा ब्रेक येतो. खटक्यावर गोलात ‘पी’ लिहिलेला असतो.

लावायचा कसा?
पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा. बहुतेक गाड्यांत खटका वर ओढला की ब्रेक लागतो आणि मीटरवर लाल दिवा दिसतो. त्यानंतर ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ मध्ये टाका. उतारावर जास्त वेळ थांबायचं असेल तर चाकाला दगडही लावा.

सोडायचा कसा?
गाडी चालू करा, पायाचा ब्रेक दाबून धरा आणि खटका खाली दाबा. लाल दिवा गेला की ब्रेक सुटला. बऱ्याच गाड्यांत बेल्ट लावून, दारं बंद करून अ‍ॅक्सिलेटर दिला की ब्रेक आपोआप सुटतो. पण अंगणात लेकरं खेळत असतील तर तसं करू नका. हातानंच सोडा आणि गाडी हळू काढा.

‘ऑटो होल्ड’ म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे
सगळ्यात मोठी गल्लत इथं होते. ऑटो होल्ड हे सिग्नलवर, गर्दीत पायाला आराम देण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर, लेकरं आत ठेवून गाडीतून उतरू नका. लाल दिवा बघा, मगच दार उघडा.

चालत्या गाडीचा ब्रेक फेल झाला तर?
खटका वर ओढून तसाच धरून ठेवा. बहुतेक गाड्या त्यानं वेग कमी करत थांबतात. हे फक्त संकटासाठी. गंमत म्हणून करून बघू नका.

बॅटरी उतरली तर?
लागलेला ब्रेक बॅटरी गेल्यावरही लागलेलाच राहतो, सुटत नाही. अशी गाडी ढकलू नका, दोरी लावून ओढू नका. दुसऱ्या गाडीवरून केबलनं करंट द्या, मग ब्रेक सोडा.

मिस्त्रीला आधी सांगा
मागचे ब्रेक पॅड बदलण्याआधी ही यंत्रणा ‘सर्व्हिस मोड’मध्ये न्यावी लागते. त्यासाठी बहुतेकदा स्कॅनर लागतो. जोर लावून पिस्टन मागं दाबला तर मोटार खराब होऊ शकते आणि तो खर्च मोठा असतो.

गाडीप्रमाणे थोडा फरक असतो, म्हणून सोबतचं पुस्तक एकदा वाचा. आणि घरच्यांच्या हातात किल्ली देताना खटका कुठं आहे, लाल दिवा कुठं दिसतो, हे आधी दाखवून द्या.