बॉलरचा हात गेला, आता त्याला संघात ठेवायचे का?



"डॉक्टर, कामावर कधी जाऊ?" हा प्रश्न दवाखान्यात रोज येतो. त्यामागे बहुतेक वेळा दुसरी भीती असते : तोपर्यंत नोकरी राहील का? आज याच प्रश्नाची, बेसबॉलमधली एक जुनी गोष्ट सांगतो.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन १९७४ साली जोरात होता. त्याच्या नावावर १३ विजय आणि फक्त ३ पराभव होते. १७ जुलैला चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचे लिगामेंट तुटले.

लिगामेंट म्हणजे काय?

दोन हाडांना सांध्यात बांधून ठेवणारा चिवट पट्टा. आपल्या क्रिकेटमध्ये बॉलिंग करताना कोपर जवळजवळ सरळ राहते. पिचर मात्र वाकलेले कोपर झटक्याने पुढे आणतो आणि सगळा ताण या पट्ट्यावर येतो. हा पट्टा तुटला तरी माणूस जेवू शकतो, लिहू शकतो. पण वेगाने फेकणे संपते. तेव्हा या दुखापतीवर इलाज नव्हता, आणि जॉन ३१ वर्षांचा होता.

डॉ. फ्रँक जोब यांनी काय केले?

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. जोब यांनी जॉनच्या उजव्या हातातले एक टेंडन काढले. डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडून ते इंग्रजी आठच्या आकारात ओवले. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

हे टेंडन तुम्हालाही पाहता येईल. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखे उठेल ते हेच. काहींना ते जन्मतःच नसते आणि त्यांचे काहीही अडत नाही! म्हणून ते काढले तरी चालते.

पण शस्त्रक्रियेनंतर जॉनची बोटे वाकडी होऊ लागली. कोपर आपटल्यावर जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या अल्नर नसेला त्रास झाला होता. डिसेंबरमध्ये पुन्हा ऑपरेशन करावे लागले.

आता संघाने काय करावे?

हिशोब मांडला तर उत्तर सरळ होते : सोडून द्या. पण डॉजर्सनी त्याला ठेवले. १९७५चा अख्खा मोसम तो एकही सामना खेळला नाही, फक्त व्यायाम आणि सराव करत राहिला. टेंडन रोवल्यावर लगेच लिगामेंट होत नाही. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, ते ताणाला सरावावे लागते. याला महिने लागतात, आणि ते कुणाच्या घाईने कमी होत नाहीत.

१९७६ला तो परतला आणि १० सामने जिंकला. १९७७ला २०, १९७८ला १७. म्हणजे ज्याला सोडून देणे शहाणपणाचे वाटले असते, त्याने त्याच संघाला आणखी ४७ विजय दिले. नंतर तो इतर संघांकडून खेळला आणि १९८९मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी थांबला. एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे!

आज या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे, आणि पिचरला परतायला अजूनही साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते.

एक सावधगिरी

ही गोष्ट वाचून "ऑपरेशन केले की सगळे ठीक" असे समजू नका. सगळेच परतत नाहीत. चांगल्या हाताचे ऑपरेशन करून चेंडूचा वेग वाढतो, हाही गैरसमजच. मुलांचे कोपर किंवा खांदा खेळताना दुखत असेल तर आधी विश्रांती द्या आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी देऊन मैदानात पाठवू नका.

आणि तुम्ही मालक असाल, किंवा घरात कुणी आजारी असेल, तर त्याला रोज "कधी बरा होणार?" विचारू नका. तुझी जागा आहे, एवढे सांगा. अर्धवट बरा झालेला पेशंट घाईने कामावर जातो, तो बहुतेक वेळा भीतीपोटी. ती भीती मला औषधाने घालवता येत नाही. तुम्हाला ती घालवता येते.