साडेसातची मोटर

पलूस-तासगावकडच्या शेतकऱ्याला विचारा, विहिरीवर काय बसवलंय? "पाचची मोटर" एवढंच उत्तर येईल. पाच म्हणजे पाच एचपी, अश्वशक्ती. खरं तर इथल्या विहिरींवर ओढायला असायचे ते बैल.

घोडा आला इंग्लंडातून. जेम्स वॉटला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकाला जाणून घ्यायचं होतं, याने आपले किती घोडे वाचतील? 1780 च्या दशकात वॉटने गिरणीच्या घोड्याचा हिशोब मांडला: मिनिटाला 180 फूट चाल, 180 पौंडांची ओढ, म्हणजे 32,400 फूट-पौंड. पुढे त्याने सरळ 33,000 धरले. दिवसभर एवढं रेटणारा घोडा विरळाच. पण घोडा चढा धरला की इंजिन घेणाऱ्याची तक्रार येत नाही. पक्का व्यापारी! 1882 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शक्तीच्या एककाला त्याचंच नाव दिलं. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट.

आता बैलांनी ओढायच्या मोटेचा हिशोब करू. समजा मोटेत दीडशे लिटर पाणी आहे आणि ते दहा मीटर वर आणायचंय. काम झालं 150 × 9.8 × 10, म्हणजे 14,700 ज्यूल. हे झालं नुसतं काम. शक्ती काढायची तर वेळेने भागावं लागतं. धाव उतरत बैलांनी अर्ध्या मिनिटात मोट थारोळ्यात रिकामी केली, तर 490 वॅट. पण मग बैल मागे सारायचे, मोट पुन्हा बुडवायची. अख्खी खेप मिनिटाची धरली तर उरतात 245 वॅट. बैलजोडी भरली एक तृतीयांश घोडा! पाचच्या मोटरीची निम्मी शक्ती वाटेत गळाली, तरी ती सात-आठ जोड्यांना पुरून उरते.

1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचा कारखाना कुंडलजवळच्या माळावर हलवला. जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. लोखंडी नांगरांपाठोपाठ किर्लोस्करवाडीत पंपही बनू लागले. मोट मोडीत निघाली, मापाला मात्र घोडाच राहिला. साताऱ्याच्या कोयना वीजप्रकल्पाने तो सोडला. तिथला आकडा 1960 मेगावॅट असा सांगतात, 26 लाख अश्वशक्ती कुणी म्हणत नाही.

शेतीपंपांचं तसं नाही. मीटर नसेल तर बिल एचपीवर येतं, आणि 2024 ची मोफत वीज योजनाही साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना लागू झाली.