उन्हाळ्यांतील लोकरकाम

लोकरीचें विणकाम म्हटलें कीं थंडी, बर्फ आणि शेगडीजवळ बसलेली वृद्धा असें चित्र मनापुढें उभें राहतें. या कलेचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. सुयांवर विणलेल्या वस्त्रांचे जे अतिशय जुने नमुने आज उपलब्ध आहेत, त्यांत इजिप्तसारख्या उष्ण देशांतील सुती मोजे आहेत. परंतु भर उन्हाळ्यांत, आणि तेंही लोकरीचें काम, एका सबंध राष्ट्रानें नेटानें चालविल्याचें ठळक उदाहरण पहावयाचें असेल, तर पहिल्या महायुद्धाच्या काळांतील ऑस्ट्रेलियाकडे वळलें पाहिजे.

ऑस्ट्रेलिया विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें तेथें डिसेंबर ते फेब्रुवारी हे कडक उन्हाळ्याचे महिने. नाताळची सुट्टी हीच तेथील उन्हाळी सुट्टी. त्याच वेळीं युरोपांत हिवाळा असतो. ऑगस्ट १९१४ मध्यें युद्ध सुरू झालें आणि त्याच महिन्यांत गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी हेलन मन्रो फर्ग्युसन यांनीं तेथें रेडक्रॉसची शाखा स्थापन केली. घरोघरीं सुया चालूं लागल्या.

मोजे हेंच मुख्य काम कां ठरलें, याचें कारण खंदकांत होतें. चिखलाच्या पाण्यांत तासन्‌तास उभें राहिल्यानें सैनिकांचे पाय सुजत, बधिर होत आणि अखेर सडूं लागत. कित्येकांचे पाय कापावे लागत. पायांस देवमाशाचें तेल चोळणें आणि रोज कोरडे मोजे बदलणें हाच त्यावर खरा उपाय होता. हिंदी फौजेनेंही १९१४ चा हिवाळा फ्रान्समधील अशाच खंदकांत सोसला होता. गॅलिपोली येथें नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस प्रथम मुसळधार पाऊस व मागून हिमवादळ झालें, तेव्हां दोस्तांच्या हजारों सैनिकांचे हातपाय थंडीनें निकामी झाले. पुढें सोम नदीकांठचा १९१६-१७ चा हिवाळा तर अत्यंत उग्र ठरला.

आगबोटीस युरोप गांठावयास दीड-दोन महिने लागत. त्यामुळें जानेवारीच्या सुट्टीत पडलेला खंड रणांगणावर मार्चमध्यें जाणवे. शिवाय ओल्या खंदकांत मोजे फार दिवस टिकतही नसत. म्हणून काम सतत चालू ठेवणें अवश्य होतें. परंतु उन्हाळ्यांत लोकर हातीं धरणें सोपें नव्हे. घामानें धागा सुईवर अडकतो, पोलादी सुया गंजतात आणि मांडीवर पडलेलें लोकरीचें वस्त्र अंगाची लाही करतें. मोजा मात्र लहान! चार आंखूड सुया व लोकरीचा एक गुंडा पिशवींत टाकला कीं काम कोठेंही नेतां येई. ट्राममध्यें, आगगाडींत, सभेंत बायकांचे हात चालूच असत. शाळांतून मुलींबरोबर मुलगेही विणावयास शिकले. विणकरणीस एक दक्षता मात्र घ्यावी लागे. टाचेशीं किंवा बोटांपाशीं एखादी गांठ राहिली, तर कूच करतांना तेथें फोड येई. ज्यासाठीं श्रम केले त्यालाच त्यापासून पीडा होई. कित्येक जणी मोज्याच्या टोकांत एखादी चिठ्ठी घालीत. ती कोणाच्या हातीं पडेल हें त्यांनाही ठाऊक नसे.

सिडनीच्या ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ या चित्रकर्तीनें १९१५ सालीं आपल्या बहिणीचें ‘द सॉक निटर’ हें चित्र काढलें. त्यांत तोफ नाहीं, निशाण नाहीं. मान खालीं घालून विणण्यांत गढलेली एक तरुणी आहे. ऑस्ट्रेलियाच्या कलेतिहासांत हें चित्र नव्या शैलीचा आरंभ मानलें जातें.

युद्ध संपेपर्यंत त्या देशांतून तेरा लाखांहून अधिक मोज्यांचे जोड रवाना झाले. त्याच युद्धांत त्या देशाचे सुमारे ६० हजार सैनिक पडले. अर्थात् अनेक मोजे ज्यांच्या आठवणीनें विणावयास घेतले, त्यांच्या पायांपर्यंत ते पोहोंचलेच नाहींत. ते दुसऱ्या कोणाच्या तरी मुलानें घातले. युद्धाचे इतिहास सेनापतींच्या बेतांनीं भरलेले असतात. परंतु स्वतः उन्हानें त्रासलेल्या माणसानें दूरच्या परक्याची थंडी ओळखून टाक्यावर टाका घालीत राहावें, ही गोष्टही त्या इतिहासांत नोंदण्याजोगी खास आहे.