कोठडीच्या किल्लीपासून नोंदणी क्रमांकापर्यंत

मुलगी नर्सिंगला जाते म्हटले की आपल्या वस्तीतही विचारतात, "दुसरे काही मिळाले नाही का?" मानसोपचार नर्सिंगचे नाव काढले तर, "वेड्यांच्या इस्पितळात?" हा प्रश्न आपला नाही, तो वर्णव्यवस्थेने आपल्या तोंडी घातलेला आहे, असे आमचे म्हणणे आहे. ज्या कामात दुसऱ्याच्या मलमूत्राला, रक्ताला हात लागतो ते काम हलके आणि ते करणारा माणूसही हलका, हा मनूचा हिशोब. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता प्राण देऊन तो हिशोब केव्हाच मोडला. तरी तो आपल्या डोक्यात का शिल्लक आहे? उत्तरासाठी या व्यवसायाचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्रजी अमलात इथली वेड्यांची इस्पितळे तुरुंगांच्या महानिरीक्षकांच्या ताब्यात होती. १९०५ नंतर ती सिव्हिल सर्जनकडे आली. म्हणजे रुग्ण हा कैदी आणि त्याच्याजवळ चोवीस तास राहणारा वॉर्डर हा पहारेकरी. त्याच्याकडून ताकद अपेक्षित होती, ज्ञान नाही. हातात किल्ल्यांचा जुडगा, पदरी तुटपुंजा पगार आणि समाजात शून्य मान.

याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये काय चालले होते? अशा सेवकांसाठी १८८५ मध्ये पाठ्यपुस्तक निघाले, १८९१ मध्ये प्रमाणपत्राची परीक्षा सुरू झाली आणि १९१९ च्या कायद्याने मानसिक रुग्णांच्या परिचारिकांची स्वतंत्र नोंदवही झाली. राज्यकर्त्यांनी भिंती इकडे आणल्या, शिक्षण मात्र आणले नाही. रांचीत १९२१ च्या सुमारास तीन ते सहा महिन्यांचे छोटे अभ्यासक्रम झाले, पण ती सुरुवातच राहिली.

खरा बदल कायद्याने आणि शिक्षणाने आला. मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, तीच आजची निम्हान्स. तिथे १९५६ मध्ये मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९६५ मध्ये हा विषय बी.एस्सी. नर्सिंगमध्ये आला. किल्लीवाल्याच्या जागी शिकलेला माणूस येऊ लागला.

पण रुग्णाच्या पायातली साखळी लगेच तुटली नाही. १९१२ चा 'ल्युनसी' कायदा स्वतंत्र भारतातही चालू राहिला. १९८७ चा नवा कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ उजाडले. आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. जिथे शिकलेली परिचारिका पोहोचत नाही तिथे साखळी पोहोचते, हा एरवाडीचा धडा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीला संपूर्ण बंदी घातली. उपचार मिळण्यात जातीवरून भेदभाव होता कामा नये, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आणखी एक तरतूद आपल्या तरुणांनी नीट वाचावी. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली परिचारिका 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ठरते. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तर त्याला दाखल करण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. एक मानसोपचारतज्ज्ञ असतो, दुसरी व्यक्ती ही नोंदणीकृत परिचारिका असू शकते. एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य काढून घ्यायचे की नाही, या निर्णयावर तिची सही. ही सही हलकी आहे का?

म्हणून आम्ही म्हणतो, सेवा हे आपले जन्मजात कर्तव्य म्हणून कोणी कौतुक करू लागले तर सावध व्हा. रुग्णालयाच्या वॉर्डात कंत्राटी सफाई कामगार कोण आणि निर्णयाची सही करणारे कोण, हे मोजून पाहा. आपल्याला सेवेचे पुण्य नको. शिक्षण, नोंदणी, कायम पद आणि पूर्ण पगार हवा.

मार्ग उघडा आहे: जी.एन.एम. किंवा चार वर्षांची बी.एस्सी., नंतर मानसोपचार नर्सिंगची एक वर्षाची पदविका किंवा एम.एस्सी. मात्र प्रवेशाआधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. मान्यता नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर आईबापांनी कर्ज काढून भरलेली फी पाण्यात. २०२३ मध्ये संसदेने परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा मंजूर केला आहे. त्या आयोगात आणि राज्यांच्या मंडळांवर आपली माणसे असतील का, हे आजच विचारायला हवे.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही मनोरुग्णालयांत आपले लोक रुग्ण म्हणून आहेत आणि झाडू मारायलाही आहेत. नोंदवहीतही आपली नावे दिसली पाहिजेत.

जय भीम! जय संविधान!