उतरणीचा भार

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे बाजाराचे गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असले, तरी देशावरच्या माणसाला ते दीर्घकाळ दूरच राहिले. कारण माणगावाहून म्हसळ्यास यावे, तेथून डोंगर ओलांडावेत आणि मग बोर्लीच्या सखल भूमीत उतरावे, असा तो चढउतारांचा व वळणांचा मार्ग होता, आणि १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत या किनाऱ्यावरील नारळाची आणि सुप्रसिद्ध रोठा सुपारीची वाहतूक मुख्यतः जलमार्गानेच होत असे. आज त्याच उतरणीवरून पुण्याचे प्रवासी ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरकडे जातात. उद्या त्यांपैकी कोणी मोटारीमागे चाकांवरचे बिऱ्हाड जोडून येईल, तेव्हा त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहील तो नवा नाही. भार ओढून कसा न्यावा हे मनुष्य फार लवकर शिकला. मागून रेटत येणारा भार कसा आवरावा, हे शिकण्यास त्याला कित्येक शतके लागली.

बैलगाडीला ब्रेक नव्हता असे म्हणणे अर्धसत्य होईल, कारण बैल हेच तिचे ब्रेक होते. चढणीवर जू वशिंडाला टेकते व ओढ खांद्यावर पडते, हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु गाडी उतरणीस लागली की तेच जू पुढे सरकून शिंगांच्या मुळाशी भिडते, भरल्या गाडीचा सारा रेटा मानेवर येतो, आणि त्या मुक्या जनावरांना खूर रोवून, अंग मागे टाकून, पावलापावलाने तो झेलावा लागतो. गाडीवान खाली उतरून कासरा आखडून धरी, सोबती मागून दोर ताणून धरीत, कोठे जाड ओंडका मागे बांधून तो फरफटत नेत, कोठे चाकच दोराने जखडून टाकीत, आणि विसाव्याला थांबताच चाकाखाली दगडाची उटी लावीत. जुन्या जकातीच्या दप्तरांत मालाची आणि गाड्यांची मोजदाद असते. उतरणीवर सोललेल्या मानांची मोजदाद ठेवण्याचे कोणाला सुचले नाही, आणि वाहतुकीचा इतिहास लिहिताना ही उणीव मला फार मोठी वाटते.

या विद्येची खरी शाळा बोर्लीच्याच जिल्ह्यात, उत्तरेच्या टोकाला, खोपोली-कर्जतच्या माथ्यावर भरली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत, १८३० साली, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. पुढे १८६३ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा घाटमार्ग पुरा झाला, आणि सदतीस फुटांस एक फूट अशा उतारावरून लोखंडी चाके लोखंडी रुळांवर उतरू लागली. मागच्या डब्यांचा भार आता इंजिनाला रेटू लागला. त्या काळी डब्यांचे ब्रेक हातांनी फिरवून आवळावे लागत, तेव्हा एका माणसाची चूक साऱ्या गाडीला भोवण्याची भीती असे. म्हणून घाटात मुख्य मार्गाला फुटून चढणीवर जाणारे रूळ टाकण्यात आले. उतरणारी गाडी नेमल्या जागी पूर्ण थांबल्याखेरीज तिला पुढचा मार्ग द्यावयाचा नाही, आणि ती न थांबलीच तर तिने आपोआप त्या चढणीवर जाऊन आपला वेग जिरवावा, ही त्यामागील योजना. मनुष्याच्या सावधगिरीवर विसंबून न राहता चूक होणारच हे गृहीत धरून रचलेली ही व्यवस्था मला अभियंत्यांच्या शहाणपणाचा एक उत्कृष्ट नमुना वाटते.

पुढचा धडा मात्र रक्ताने लिहिला गेला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीची एक गाडी चढणीवर अडली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी न्यावा असा बेत ठरला, आणि सुटे झालेले मागचे डबे घरंगळत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने उतारूंच्या गाड्यांना असा ब्रेक सक्तीचा केला की जो प्रत्येक डब्यापर्यंत पोचेल आणि जोडणी तुटताच आपोआप लागेल.

विजेने भार आवरण्याचा प्रयोगही आपल्या घाटाने लवकर पाहिला. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाल्यावर १९३० साली दख्खनची राणी धावू लागली, आणि मालगाड्यांसाठी जी इंजिने आली, ज्यांना आपले चालक ‘खेकडा’ म्हणत, ती घाट उतरताना आपल्या मोटारींकडून वीज निर्माण करवून ती तारेत परत सोडीत व त्या श्रमातच गाडीचा वेग आवरीत.

याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथे आर्थर वॉर्नर या शोधकाने, ज्याने पूर्वी आपल्या बंधूसह मोटारींची वेगमापके बनवली होती, मोटारीमागे जोडलेल्या गाड्यांसाठी विजेचा ब्रेक सिद्ध केला; १९२७ सालच्या त्याच्या कारखान्यातील ती रचना तत्त्वतः आजही तशीच आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एक विद्युच्चुंबक असतो. चालकाने ब्रेक दाबताच मोटारीतील नियंत्रक त्यात १२ व्होल्टांची वीज सोडतो, चुंबक ड्रमच्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटून त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, त्याच्याशी जोडलेला दांडा कलतो व लायनर लावलेले शू बाहेर ढकलून ड्रमवर दाबतो. म्हणजे थांबवण्याचे बळ गाडीच्या स्वतःच्या गतीतूनच येते. विजेकडे केवळ इशाऱ्याचे काम असते, आणि त्यासाठी दर चुंबकास सुमारे ३ अँपिअर प्रवाह पुरतो.

ही रचना साधी असली तरी तिची निगा राखावी लागते, आणि खाऱ्या वाऱ्यात तर अधिकच. बिघाड बहुधा चुंबकात नसतो. तो तारांच्या जोडांवर, विशेषतः अर्थिंगच्या जोडावर, चढलेल्या गंजात असतो. म्हणून प्रथम व्होल्टमापकाने चाकाजवळची वीज तपासावी, मगच ड्रम उतरवावा. चुंबकाचा पृष्ठभाग वाकडा झिजला असेल, किंवा बेअरिंगचे ग्रीस पाझरून लायनरला लागले असेल, तर ते भाग दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, कारण एका बाजूचाच ब्रेक जोरात लागला तर गाडी तिरकी ओढली जाते. बरेच जाणते मिस्त्री मागच्या तबकडीसह सारा संच बदलतात. त्यात डावा-उजवा असा भेद असतो, तो मात्र चुकता कामा नये. नवे शू ड्रमला किंचित घासतील इतके जवळ आणून ठेवावेत व पहिल्या काही मैलांत हलके हलके ब्रेक लावून ते बसू द्यावेत.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा अशी चाकांवरची घरे कोकणात अधिक दिसू लागतील असे मानण्यास जागा आहे. ज्याने तसले घर मागे जोडले असेल त्याने म्हसळ्याच्या सपाटीवरच गाडी थांबवावी. जोडणी तुटताच मागच्या गाडीतील बॅटरीवर ब्रेक लावणारी जी खुंटी असते, ती उपसून चाके जखडतात का ते पाहावे. मग ती परत बसवून, गाडी सावकाश चालवत, नियंत्रकाची कळ हाताने दाबावी आणि मागचे घर स्वतःच्या बळावर मोटारीस मागे खेचते अशी खात्री झाल्यावरच बोर्लीचा उतार धरावा.