परिचारिकांचा दस्तूर

असाध्य कर्करोगाची वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मॉर्फिन देत राहावे, हे तत्त्व आज सर्वमान्य असून त्याचे श्रेय बहुधा डॉक्टरांच्या खाती जमा होते. वस्तुतः लंडनच्या बेजवॉटर भागातील सेंट ल्यूक्स या मरणासन्नांच्या रुग्णालयात, १९३५च्या सुमारापासून, परिचारिका दर चार तासांनी ते तोंडावाटे देत असत. इतरत्र रिवाज असा, की रोग्याने कळवळून याचना करावी, मग वरून हुकूम सुटावा आणि त्यानंतर सुई टोचली जावी. कारण काय, तर त्याला अफूची चटक लागेल! ज्याचे दिवस भरत आले आहेत त्याच्या भावी व्यसनाची ही काळजी विलक्षणच म्हटली पाहिजे.

सिसिली सॉन्डर्स ही मूळची परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे तो पेशा सुटला, तेव्हा ती रुग्णालयीन समाजसेविका झाली. १९४८ साली डेव्हिड टास्मा हा वॉर्सॉचा ज्यू निर्वासित कर्करोगाने वारला आणि जाताना तिच्या मनातल्या, मरणासन्नांसाठीच्या आश्रमाकरिता ५०० पौंड ठेवून गेला. त्यानंतर सेंट ल्यूक्समध्ये विनावेतन शुश्रूषा करीत असता तिथला दस्तूर तिने डोळसपणे पाहिला. मरणोन्मुखांसाठी काही करायचे तर आधी डॉक्टर हो, असा सल्ला एका शल्यविशारदाने दिला, आणि तो मानून १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तिने वैद्यकाची पदवी घेतली. परिचारिकेचा अनुभव ग्राह्य धरला जाण्यासाठी परिचारिकेलाच डॉक्टर व्हावे लागले, ही त्या व्यवसायातील उतरंडीची खरी साक्ष होय. पुढे हॅक्नीच्या सेंट जोसेफ्समध्ये जोगिणींच्या शुश्रूषेला तिने नियमित मात्रा व काटेकोर नोंदींची जोड दिली. १९६७ साली तिच्या मनातला तो आश्रम, सेंट ख्रिस्तोफर्स, उभा राहिला.

मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीच सुरू झाले होते. परंतु ज्यांच्यावर उपचार संपले त्यांच्यासाठी वांद्र्याचे शांती अवेदना सदन, डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने, १९८६ साली उघडले आणि तिथेही रोग्याच्या उशाशी जोगिणीच उभ्या राहिल्या. दैवदुर्विलास असा, की अमली पदार्थांचा कडक कायदा नेमका आदल्याच वर्षी अमलात आला होता, आणि मॉर्फिनसाठी परवान्यांची अशी काही साखळी निर्माण झाली की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. परिचारिका घड्याळ पाहून उभी, पण कपाटात औषध नाही, ही अवस्था देशात वर्षानुवर्षे टिकली. ती साखळी सैल करणारी कायद्यातील दुरुस्ती संमत झाली २०१४ साली.