पाव किलो खिमा, आठ माणसे

कर्जत म्हटले की मुंबईकराला स्टेशनवरचा बटाटावडा आठवतो. मला मात्र आमच्या घरचा टोपभर खिमाभात आठवतो. लग्नातल्या बिर्याणीचे सगळे कौतुक करतात. खिमाभात हा रोजच्या घरचा, त्यामुळे त्याची हकीकत कुणी सांगत नाही. आज तीच थोडी सांगतो.

खिमा हा शब्द लांबून आला. तुर्कीतल्या ‘बारीक कापणे’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे रुळला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातले जिन्नस मापासकट नोंदवले. त्यात खिमा पुलाव आहे. दहा शेर तांदूळ, दहा शेर मांस, चार शेर तूप, दोन शेर कांदा, एक शेर सोललेले हरभरे. शिवाय आले, मिरी, वेलची, लवंग. यात मिरची नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. समुद्रमार्गाने ती इकडे आली आणि बटाट्याने तर आपले पोर्तुगीज नावही सोबत आणले.

बादशहाकडे मांस आणि तांदूळ समसमान होते. आमच्याकडे पाव किलो खिमा आणि पाऊण किलो तांदूळ. हरभरे तेवढे दोन्हीकडे. भिजवलेली मूठभर चणाडाळ घातली की खिमा दुप्पट दिसायचा. टोमॅटो महाग झाला की अम्मी दोन आमसुले टाकायची. ती कोकणची भर!

तांदळाला आमच्याकडे तोटा नव्हता. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. १९१९ साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ अशा वाणांमुळे आमच्या गावाचे नाव दूरदूरच्या शेतांत पोचले.

दुसरी गोष्ट रेल्वेची. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ साली बोरघाट खुला झाला. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिने लागत. ती कर्जतला जोडली जात. त्यामुळे गाव रात्रंदिवस जागे. खोपोलीत १९१५ साली टाटांचे वीजकेंद्र आले, मागून कारखाने आले. वडील रेल्वेत पॉइंट्समन, मामा खोपोलीला कारखान्यात. कोण कधी जेवायला येईल याचा नेम नसे. पोळ्या गार होतात, रस्सा आटतो. खिमाभाताच्या टोपाखाली मात्र चार निखारे राखले की तो तासभर वाट पाहतो.

तेव्हा आमच्याकडे खिमा यंत्रातून येत नसे. खाटीक लाकडी ठोकळ्यावर सुऱ्याने तो बारीक करून देई. घरी कांदा लाल करायचा, आले-लसूण आणि खिमा परतून पाणी आटवायचे, मग डाळ, तांदूळ आणि आधणाचे पाणी. एक टोप, एक चूल, एक बाई!

खिमाच का, हे मला फार उशिरा कळले. मटणाचा रस्सा असला की तुकडे मोजले जात. मांसल तुकडे वडिलांच्या आणि आम्हा मुलग्यांच्या ताटात जात, बहिणींच्या वाट्याला हाड आणि रस्सा. हे कुणी ठरवले नव्हते, पण कधी चुकतही नव्हते. काही वर्षांपूर्वी थोरली बहीण सहज बोलून गेली, ‘‘खिमाभात असला की मी दुसऱ्याच्या ताटात बघायचे नाही.’’ मी गप्प झालो. मी कविता लिहितो, पण इतकी वर्षे एकाच पंक्तीला बसून मला ते दिसले नव्हते. तुकडे मोजता येतात, खिमा मोजता येत नाही. तो प्रत्येक घासात सारखाच येतो. अम्मीला हे ठाऊक असणार. ती वाद घालणारी नव्हती, तिने खिमा बारीक करून आणला.

आज कर्जतच्या कित्येक शेतांत फार्महाऊस उभी आहेत. खिमाही यंत्रातून येतो. त्याची तक्रार नाही. बायकांचे मनगट तरी वाचले.

बादशहाच्या स्वयंपाकाला अबुल फज़ल मिळाला. अम्मीच्या स्वयंपाकाची वही नाही. म्हणून माप इथे नोंदवून ठेवतो : पाव किलो खिमा, पाऊण किलो तांदूळ, मूठभर चणाडाळ, दोन आमसुले. माणसे आठ.